वहीत ‘बंद’ असलेलं घर: वेंगुर्ला तालुक्यातलं टाळेबंदीतलं एक प्रकरण

गावाचं, वाडीचं आणि माणसांची नावं मुद्दाम दिलेली नाहीत. ओळख पटू नये म्हणून एकदोन बारीक तपशीलही बदलले आहेत. मी यात तिऱ्हाईत नाही. वाडीत माझ्या दोन खोल्या पाहुण्यांसाठी आहेत आणि या प्रकरणातल्या दोन ठळक चुका माझ्या आहेत. त्या जिथल्या तिथे सांगतो.

पार्श्वभूमी

मडम (सगळी वाडी हेच म्हणते, म्हणून इथेही तेच) ब्रिटिश. 2020 साली वय 67, शाळेत शिकवून निवृत्त, एकट्या. पहिल्यांदा आल्या तेव्हा माझ्याकडे तीन आठवडे राहिल्या. पुढच्या वर्षी तीन महिने. तिसऱ्या वर्षापासून वाडीच्या खालच्या अंगाला, माडांच्या बागेतलं एक घर त्यांनी भाड्याने घेतलं. मालक डोंबिवलीला असतो. करार तोंडी, भाडं बँकेत. नोव्हेंबरमध्ये यायचं आणि एप्रिलच्या मध्याला, उकाडा असह्य व्हायच्या आत, परत जायचं हा त्यांचा शिरस्ता. थोडक्यात, अर्धं वर्ष त्या इथल्या आणि अर्धं तिथल्या. पण पाऊस त्यांनी कधी पाहिला नव्हता. हे वाक्य लक्षात ठेवा.

आमच्याकडे घरं दोन प्रकारची असतात, चालती आणि बंद. बंद म्हणजे मोडकी नव्हेत. माणसं मुंबईत, चावी शेजाऱ्याकडे, दार उघडतं ते गणपतीत आणि मे महिन्यात. घरपट्टी वेळेवर भरलेली असते, पण आशाताईंच्या (गावच्या आरोग्य कार्यकर्तीच्या) सर्वेक्षणाच्या वहीत त्या घरासमोर ‘बंद’ एवढा एकच शब्द असतो. मडम राहायच्या ते घर वहीत बंद होतं. सहा महिने तिथे दिवा जळायचा, न्हाणीघरातलं पाणी माडाला जायचं, खळ्यात (अंगणात) कपडे वाळायचे, आणि वहीत मात्र घर बंद.

दुसरा कागद सी फॉर्मचा. परदेशी माणूस मुक्कामाला आला की 24 तासांत तो ऑनलाइन भरायचा असतो, आणि ती जबाबदारी पाहुण्याची नसते, ठेवून घेणाऱ्याची असते. माझ्याकडे होत्या तोवर मी भरत असे. घर बदललं तेव्हा मालकाला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, “तूच बघ ना जरा.” मी बघतो म्हटलं आणि बघितलं नाही. माझी पहिली चूक ही. तीन हिवाळे कुणी विचारलं नाही, म्हणून ती कुणाला दिसली नाही.

अडचण

मार्च 2020 मध्ये केंद्राने पर्यटक व्हिसा स्थगित केले, पण जे आधीच देशात होते त्यांचे व्हिसा चालू राहिले. 22 तारखेपासून आंतरराष्ट्रीय प्रवासी विमानं थांबली. मडमचं 14 एप्रिलचं तिकीट गेलं. 24 च्या रात्री आठ वाजता टाळेबंदी जाहीर झाली आणि दुसऱ्या दिवशी पाडवा होता. सकाळी गुढ्या उभ्या राहिल्या. दुपारी वाडीच्या तोंडावर बांबू आडवा पडला, त्यावर बोरीच्या फांद्या.

व्हिसाचा हिशोब असा होता. त्यांच्याकडे पाच वर्षांचा ई-पर्यटक व्हिसा होता, पण ब्रिटिश नागरिकाला त्यावर सलग 180 दिवसांपेक्षा जास्त राहता येत नाही. ते दिवस मेच्या पहिल्या पंधरवड्यात संपत होते. एरवी ई-व्हिसाला मुदतवाढ मिळत नाही.

ही अडचण कागदावरची. वाडीतली वेगळीच होती. दुकानदाराने सामान गडग्यावर (दगडी कुंपणावर) ठेवायला सुरुवात केली, ते ठीक, सगळ्यांचंच ठेवत होता. पण मडमच्या नोटा तो चिमट्याने उचलायचा. दूध घालणारी पोरगी यायची बंद झाली. नोव्हेंबरपासून ज्यांच्या डोळ्यांसमोर ही बाई वावरत होती, तेच विचारू लागले, “ही खयसून इली? कधी इली?” एकाला मी म्हटलं, अरे, दिवाळी झाली आणि आली, तुझ्याच रिक्षातून आली. तो म्हणाला, “माका म्हायत आसा. पण लोकांका काय सांगतलंय?”

ते लोक म्हणजे तोच होता, मी होतो, आम्ही सगळेच.

पहिला पेच: कोंडून घ्यायचं की पटवायचं

परदेशातून नुकत्याच आलेल्यांच्या हातावर तेव्हा विलगीकरणाचे शिक्के मारत होते. काहींचं म्हणणं, मडमच्या हातावरही मारा. पोलीस पाटलांनी समजावलं की चार महिन्यांपूर्वी आलेल्या माणसाला शिक्का मारायचा नियम नाही. पण नियमाने भीती जात नाही.

समोर तीन वाटा होत्या. एक, मडमनी आपणहून चौदा दिवस घरात बसावं, म्हणजे वाडी गप्प होईल. दुसरी, त्या कधी आल्या ते ग्राम कृती दलाला (कोरोनासाठीच्या गावसमितीला) दाखवावं. तिसरी, त्यांना गोव्यात त्यांच्या ओळखीच्यांकडे पोचवावं, पण सीमा बंद झाल्यामुळे ती वाट तशी उरलीच नव्हती. पहिल्या वाटेला मडम तयार होत्या. मीच नको म्हटलं. आज न केलेल्या गुन्ह्याची शिक्षा घेतली तर उद्या कुणी शिंकलं तरी बोट यांच्याकडेच जाईल, असं मला वाटलं. ते मत माझं आजही आहे.

पण पुढे मी जे केलं ते चुकलं. पासपोर्टवरच्या प्रवेशाच्या शिक्क्याचा फोटो काढून वाडीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. नुसता शिक्का टाकला असता तर निभावलं असतं, घाईत नावाचं आणि फोटोचं पानही गेलं. मडमना विचारलं नव्हतं. वाडीत काम झालं, दूधवाली पोरगी दुसऱ्या दिवशी आली. आणि रामनवमीच्या सुमारास तेच पान कुडाळकडच्या एका ग्रुपवरून माझ्या मेव्हण्याच्या फोनवर फिरून आलं, खाली मजकूर: ‘ही विदेशी महिला दिसल्यास त्वरित कळवा.’ पोलीस ठाण्यात दोन फोन गेले होते. मडमना मी ते स्वतः सांगितलं. त्या पाच मिनिटं काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, निदान फोटो जुना आहे.

दुसरा पेच: विमान

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात ब्रिटिश सरकारने भारतात अडकलेल्यांसाठी खास विमानं जाहीर केली. गोव्याहून पहिलं 8 तारखेला. दाबोळी विमानतळ आमच्यापासून एरवी अडीच-तीन तासांच्या अंतरावर, पण तेव्हा गोव्याच्या सीमेवरचा पत्रादेवीचा नाका ओलांडायला दूतावासाचं पत्र आणि जिल्ह्याचा पास लागत होता. मडमनी नाव नोंदवलं. आसनाचा निरोप आला तो संध्याकाळी, आणि रात्रीच्या आत हो किंवा नाही कळवायचं होतं.

आमच्या ओटीवर, अंतर ठेवून, पाचजण बसलो. सगळे म्हणाले, जा. पोलीस पाटील म्हणाले जा, मी म्हटलं जा. आमच्या जाण्याच्या सल्ल्यात त्यांची काळजी किती आणि आमच्या डोक्यावरचं ओझं उतरण्याची घाई किती, हे वेगळं काढणं तेव्हा जमलं नाही, आताही जमत नाही.

मडमनी कॅलेंडरच्या पाठी दोन रकाने आखले. जाण्याच्या बाजूला: व्हिसा, आपली भाषा, आपला दवाखाना, भाचीचं सततचं फोनवर रडणं. राहण्याच्या बाजूला: तिकडे त्या एका इमारतीत चौथ्या मजल्यावर एकट्या राहत. एप्रिलमध्ये तिकडची साथ ऐन भरात होती, खुद्द पंतप्रधान 6 तारखेला अतिदक्षता विभागात होते. आमच्या जिल्ह्यात तेव्हा हाताच्या बोटांवर मोजण्याएवढेही रुग्ण नव्हते. इथे दार उघडलं की खळं आणि खळ्यापुढे समुद्राचा आवाज. औषधांचा प्रश्न आम्हाला मोठा वाटला होता, तो सोपा निघाला. रक्तदाबाची आणि थायरॉइडची गोळी वेंगुर्ल्यात मिळत होती, फक्त नाव वेगळं, घटक आणि मिलिग्रॅम जुळवून घ्यायचे.

शेवटी त्यांनी जो प्रश्न विचारला तो आमच्यापैकी कुणालाच सुचला नव्हता. “पावसात या घरात राहता येतं का?”

आम्ही गप्प झालो. कारण खरं उत्तर ‘नाही’ असं होतं. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तो बहुतेक चार महिन्यांत. बंद घराची कौलं मालक दर दोन-तीन वर्षांनी परततो, ती यंदा परतायची होती. पडवीच्या बाजूने पागोळ्या थेट आत येतात, तिथे चुडतांची (माडाच्या झावळ्यांची) झड बांधावी लागते. लाकूडफाटा, मीठ, तांदूळ, सुकी मासळी, सगळी आगोट मेमध्येच भरायची. हे सगळं टाळेबंदीत, दुसऱ्या गावचा सुतार येऊ शकत नसताना.

आमची ही वयनी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. (माझी बायको. वाडी तिला वयनी म्हणते, मीही लिहिताना तेच म्हणतो.) ती म्हणाली, नळे (कौलं) परतायचे तर पोरं आहेत की. बांबू धरून उभी राहतात तीच.

मडमनी आसन सोडलं. मी रागावलो होतो, हे कबूल करतो. पण निर्णय कसा झाला हे पाहिलं तर आमच्यापेक्षा त्यांचाच विचार जास्त तपशिलात होता. आम्ही जा-राहा करत होतो, त्या छप्पर मोजत होत्या.

तिसरा पेच: कागद

राहायचं ठरल्यावर व्हिसा. अडकलेल्या परदेशी नागरिकांना इमिग्रेशन खात्याने ऑनलाइन अर्जावर विनाशुल्क मुदतवाढ द्यायला सुरुवात केली होती. आधी 15 एप्रिलपर्यंत, मग 30 एप्रिलपर्यंत, मग टाळेबंदीबरोबर 3 मेपर्यंत, आणि नंतर आंतरराष्ट्रीय विमानं सुरू झाल्यावर पुढचे 30 दिवस. अर्जाला राहण्याचा पुरावा हवा. म्हणजे सी फॉर्म, नाहीतर भाडेकरार. आमच्याकडे दोन्ही नव्हतं.

मालक लेखी द्यायला तयार होईना. भाड्याचं उत्पन्न कुठे दाखवलेलं नाही, ग्रामपंचायत उद्या घरपट्टी वाढवील, भाऊबंद म्हणतील सामाईक घर परस्पर भाड्याने दिलं. त्याची भीती खोटी नव्हती. कोकणातल्या सामाईक घराच्या सातबारावर आणि घरठाणावर किती नावं असतात ते इथल्यांना सांगायला नको.

पर्याय दोन. कागदावर मडम पहिल्यापासून माझ्याकडेच होत्या असं दाखवायचं, हे सोपं. किंवा उशिराने खरं सांगायचं. पहिला मोह मला झाला. पोलीस पाटलांनी मोडून काढला: “खोटा पत्ता देशीत, आणि काय झाला तर पोलीस तुझ्या दारात शोधतले, मडम भलतीकडेच.” शेवटी मडमना कागदोपत्री आणि प्रत्यक्षातही दहा दिवस माझ्या खोलीत आणलं, त्या तारखेचा सी फॉर्म भरला, आणि आधीच्या मुक्कामाबद्दल सिंधुदुर्गनगरीच्या कार्यालयाला मेलने जे होतं तसं कळवलं. खुलासा मागितला गेला. मी दिला, ताकीद ऐकून घेतली. मुदतवाढ मिळाली. त्या दहा दिवसांत कौलं परतून झाली. 20 एप्रिलनंतर शेतीच्या कामांना सूट मिळाल्यामुळे माणसं रानात-परड्यात दिसली तरी कुणी हटकत नव्हतं, त्याचा फायदा झाला.

3 जूनला निसर्ग वादळ वर श्रीवर्धन-अलिबागकडे वळलं. आमच्याकडे दोन माड आडवे झाले, वीज गेली. छप्पर टिकलं.

चौथा पेच: ताप

सगळ्यात अवघड वळण हे, आणि इथे आम्ही दोन दिवस वाया घालवले.

जुलैत लावणी सुरू झाली. मजूर मिळत नव्हते, शेजारणीने गंमतीत बोलावलं आणि मडम खरंच चिखलात उतरल्या. चार दिवस अनवाणी. त्यांच्या टाचेला भेग होती. आठ-नऊ दिवसांनी ताप चढला. हुडहुडी, डोकं फुटेल असं दुखणं, आणि पोटऱ्यांना हात लावू देईनात.

आमच्याकडे पावसात ताप आला की बायका आधी विचारतात, शेतात गेली होती का. लेप्टो कुणाला नवा नाही. उंदरांच्या मुतातून जंतू साचलेल्या पाण्यात येतो आणि जखमेतून अंगात शिरतो. म्हणून हंगामात आशाताई शेतात उतरणाऱ्यांना डॉक्सीसायक्लिनच्या गोळ्या देतात. वाडीत त्या घरोघर पोचल्या होत्या. मडमच्या घरी गेल्या नाहीत, कारण वहीत घर बंद.

एरवी आम्ही त्याच दिवशी दवाखाना गाठला असता. पण 2020 च्या जुलैत ताप म्हणजे कोरोना. ताप कळवला तर आधी स्वॅब, आणि अहवाल वाईट आला तर वाडी प्रतिबंधित क्षेत्र, ऐन लावणीत. तरवा (भाताची रोपं) उपटून ठेवलेला, तो कुजणार. हे कुणी मोठ्याने बोललं नाही. “बघूया उद्यापर्यंत” एवढंच सगळे म्हणत राहिले. मडमही म्हणाल्या, माझ्यामुळे कुणाचं शेत नको राहायला. त्यांचा हा समजूतदारपणा आम्ही पदरात पाडून घेतला.

तिसऱ्या सकाळी त्यांचे डोळे लाल दिसले. वयनीने मला न विचारता आशाताईंना फोन लावला. त्या अर्ध्या तासात आल्या, ऑक्सिजन बघितला, 97 होता, पोटरी दाबून बघितली आणि 108 ला फोन केला. रुग्णालयात डॉक्टरांनी स्वॅब घेतला, पण त्याच्या अहवालासाठी थांबले नाहीत. लेप्टोच्या रक्ततपासणीत सुरुवातीचे काही दिवस काही दिसत नाही, म्हणून लक्षणं आणि शेताचा इतिहास पाहून प्रतिजैविकाचं इंजेक्शन लगेच सुरू केलं. स्वॅब निगेटिव्ह आला. लेप्टोची तपासणी नंतर पॉझिटिव्ह आली. मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिन थोडं चढलं होतं, ते उतरलं. सातव्या दिवशी घरी सोडलं.

आणखी एक दिवस थांबलो असतो तर मूत्रपिंडाचं काय झालं असतं, हे डॉक्टरांनी मला व्हरांड्यात बाजूला घेऊन सांगितलं. ते इथे लिहीत नाही.

घरी आल्यावर आशाताईंनी वही काढली आणि ‘बंद’ खोडून ‘1’ लिहिलं.

गणपती

22 ऑगस्टला गणपती होते. शासनाने चाकरमान्यांना 12 ऑगस्टच्या आत या आणि दहा दिवस विलगीकरणात राहा असं सांगितलं होतं. मालकाचं कुटुंब येणार म्हणजे मडमना घर रिकामं करणं भाग. मूळ घर, गणपती तिथेच बसतो, त्यात वादाला जागाच नव्हती. त्या माझ्याकडे आल्या.

वाडीच्या तोंडावर पुन्हा बांबू, या वेळी मुंबईकरांसाठी. मालकाच्या पोरांनी गडग्याच्या आतून हाका मारायच्या, आणि मडमनी छत्री घेऊन डबा गडग्यावर ठेवून चार पावलं मागे यायचं. मालकाच्या आईला ते फार लागलं. “आमच्याच घरात आमी भायले,” असं ती वयनीला म्हणाली. मडमना त्याचा अर्थ कुणी सांगितला नाही. पण अकराव्या दिवशी म्हातारीने त्यांना आरतीला बोलावलं तेव्हा त्या ओटीवरच थांबल्या, आत हाक मारेपर्यंत.

निष्पत्ती

सप्टेंबरात ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ची पथकं घरोघर आली तेव्हा मडमची नोंद माझ्या घराखाली झाली. ऑक्टोबरात एअर बबलमधल्या (दोन देशांनी आपसात ठरवून सुरू केलेल्या सेवेतल्या) विमानाने त्या मुंबईहून लंडनला गेल्या. निघण्याची परवानगी ऑनलाइन मिळाली, जादा राहिल्याचा दंड पडला नाही. त्यानंतर ब्रिटिश नागरिकांना ई-व्हिसा परत सुरू व्हायला डिसेंबर 2022 उजाडला. त्या जानेवारी 2023 मध्ये आल्या, माझ्यासाठी आणि आशाताईंसाठी गमबूट घेऊन.

आता वेगळं काय केलं असतं

घर बदललं त्याच दिवशी सी फॉर्म, मालक हो म्हणो वा नाही. आणि आशाताईंना एक शब्द, की या घरात माणूस आहे. बंद घरात हिवाळ्यापुरते राहणारे आता आमच्या पट्ट्यात एकटे-दुकटे राहिलेले नाहीत. परदेशीच असं नाही, पुण्याचे, बंगळूरचे संगणकावर काम करणारेही आहेत, आणि वहीत तेही नाहीत.

विमानाच्या रात्री ओटीवर पाचजण नको होते. दोघं पुरे होती, त्यातली एक वयनी.

तापाच्या बाबतीत वाडीने आधीच ठरवायला हवं होतं की कुणाच्याही घरात ताप आला तर त्या घराची लावणी बाकीचे उरकून देतील. जुलै 2021 मध्ये तसं ठरवलं, आणि दोन घरांच्या बाबतीत ते पाळलंही गेलं. पहिल्या वर्षी ते का सुचलं नाही, याचं उत्तर माझ्याकडे एवढंच आहे की आजारी बाईचं स्वतःचं शेत नव्हतं.

पासपोर्टच्या पानाबद्दल करण्यासारखं फार उरलं नाही. ग्रुपवरून मी ते काढलं, पण ज्यांनी उतरवून घेतलं त्यांच्या फोनात असणार. त्या पासपोर्टची मुदत मधल्या काळात संपली. नव्याचा क्रमांक मी एकाच ठिकाणी लिहिला आहे, सी फॉर्ममध्ये.